लाल टोपीची इन्सुलिन सिरिंज: मोजमाप चोख, रंग चुकीच्या जागी

मेडिकलमध्ये जाऊन ‘इन्सुलिनची सुई द्या’ एवढंच म्हटलं तर हातात काय पडेल याचा नेम नाही. दहाचं पाकीट मिळेल, सुई बारीक असेल, सिरिंजही एक मिलिचीच असेल. टोपी मात्र लाल असेल किंवा केशरी. काउंटरवरचा मुलगा म्हणेल, “कुठलीही घ्या, दोन्ही चालतात.” चालत नाहीत. हे परीक्षण लाल टोपीच्या, म्हणजे यू-४० सिरिंजचं आहे; ती एका मिलित ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी. केशरी टोपीची ती यू-१००, एका मिलित १०० युनिट असलेल्यासाठी. पण केशरीला वगळून ते करताच येत नाही, कारण लालच्या नावावर जमा होणारे बरेचसे घोळ केशरी शेजारच्या डब्यात असते म्हणूनच होतात.

आधी व्हायल, म्हणजे इन्सुलिनची छोटी बाटली बघू. आपल्याकडे ह्यूमन इन्सुलिनची जी १० मिलिची व्हायल वॉर्डात आणि घराघरांत दिसते, मग ते झटपट काम करणारं रेग्युलर असो, संथ काम करणारं एनपीएच असो की दोन्हींचं मिश्रण ३०/७०, ती बहुतेक ठिकाणी ४० युनिट प्रति मिलि या ताकदीची असते. २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतही ह्यूमन इन्सुलिन याच ताकदीत आहे. म्हणजे पूर्ण व्हायलमध्ये ४०० युनिट. ग्लार्जिन, अस्पार्ट, लिस्प्रो ही नव्या पिढीची इन्सुलिनं मात्र १०० युनिट प्रति मिलिची. त्यांच्या १० मिलिच्या व्हायलमध्ये १००० युनिट. इन्सुलिन टोचायच्या पेनमधल्या ३ मिलिच्या कार्ट्रिजमध्ये (औषधाच्या नळकांड्यात) ३०० युनिट. परदेशात बहुतेक ठिकाणी व्हायल म्हटलं की १००चीच. आपल्याकडे दोन्ही एकाच फ्रिजमध्ये, एकाच मेडिसिन ट्रॉलीवर शेजारी शेजारी नांदतात.

आता दोन्ही सिरिंज टोपी काढून पांढऱ्या कागदावर आडव्या ठेवा. लांबी तीच, जाडी तीच, आत मावणारं औषध तेच एक मिलि. बॅरलच्या, म्हणजे औषध भरायच्या नळीच्या बरोबर मध्यावर लालच्या पट्टीवर २० लिहिलेलं आहे आणि केशरीच्या पट्टीवर ५०. फरक एवढाच आणि सगळा घोटाळाही एवढ्यातच. लालवर एक युनिट म्हणजे ०.०२५ मिलि, केशरीवर ०.०१ मिलि.

केस पेपरवर लिहिलंय ‘३०/७०, सकाळी १६ युनिट’. व्हायल ४०ची. लाल सिरिंजमध्ये १६च्या रेघेपर्यंत भरलं की ०.४ मिलि आलं, १६ युनिट गेले. हीच व्हायल आणि केशरी सिरिंज, १६ची रेघ: आलं ०.१६ मिलि, गेले ६.४ युनिट. उलट बाजू जास्त वाईट. ग्लार्जिन रात्री १८ युनिट, व्हायल १००ची, हातात लाल सिरिंज. १८च्या रेघेला ०.४५ मिलि आलं, म्हणजे ४५ युनिट. पेशंट झोपेत, इन्सुलिन चोवीस तासांचं. पहाटे घाम, थरथर, किंवा नुसताच उठत नाही.

(जाता जाता: ३०/७० मधला ३० हा डोस नव्हे. ३० टक्के रेग्युलर, ७० टक्के एनपीएच एवढाच त्याचा अर्थ. नातेवाईक हा आकडा डोस समजतात, आणि घाईत लिहिलेल्या केस पेपरवर ‘३०/७० १६’ असं सलग वाचलं तर त्यांची चूकही म्हणवत नाही.)

कमी डोसची चूक मवाळ वाटते, पण तिचं बिल नंतर येतं. ४०ची व्हायल केशरी सिरिंजने घेणाऱ्या पेशंटची साखर उतरत नाही. डॉक्टर डोस वाढवतात: १६, मग २२, मग ३०. प्रत्यक्षात ३०च्या रेघेला जाताहेत १२ युनिट. साखर एकदाची आटोक्यात येते, सगळे खूश. मग एखाद्या दिवशी पाकीट संपतं, दुसऱ्या दुकानातून बरोबर लाल सिरिंज मिळते आणि पहिल्यांदाच खरे ३० युनिट अंगात जातात. साखर एकदम कोसळते ती योग्य सिरिंज वापरल्यामुळे. म्हणून ॲडमिशनच्या वेळी ‘घरी किती युनिट घेता’ हा प्रश्न अर्धाच आहे. घरची व्हायल आणि घरची सिरिंज दोन्ही आणायला सांगा, कुठल्या रेघेपर्यंत भरता ते पेशंटला दाखवायला सांगा, आणि मगच केस पेपरवर आकडा चढवा.

मोजमाप या एका निकषावर लाल सिरिंज खरोखर चांगली आहे. हे फारसं कुणी बोलत नाही. युनिटमागे अडीचपट जागा मिळते, त्यामुळे रेघा सुट्या सुट्या दिसतात. चष्म्याशिवाय वाचणाऱ्या साठीच्या बाईंना किंवा रात्रपाळीच्या मंद दिव्यात काम करणाऱ्या सिस्टरना ७ आणि ८ मधला फरक कळतो. १ मिलिच्या केशरी सिरिंजवर बऱ्याचदा एक रेघ दोन युनिटची असते. ७ युनिट म्हणजे ६ आणि ८च्या मधली हवेतली जागा. १०० युनिटचं इन्सुलिन आणि डोस लहान असेल तर १ मिलिची केशरी घेऊच नये. ०.५ मिलिची घ्यावी: ५० युनिट मावतात, रेघ एकेका युनिटची. लहान मुलांसाठी ०.३ मिलिची, तिच्यात अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली मिळाली तर उत्तम. या छोट्या सिरिंज गावातल्या मेडिकलमध्ये सहसा नसतात, सांगून मागवाव्या लागतात.

हवेच्या बुडबुड्याचा हिशेबही लालच्या बाजूचा. ०.०५ मिलिचा बुडबुडा त्वचेखाली गेला तर इजा होत नाही, पण तेवढं इन्सुलिन कमी जातं. ४०च्या इन्सुलिनमध्ये ते २ युनिट, १००च्यात ५. बुडबुडे येतात ते सुई अतिबारीक असल्यामुळे आणि प्लंजर (आतला दट्ट्या) झटक्यात ओढल्यामुळे. आधी डोसाएवढी हवा व्हायलमध्ये सोडली नाही तर आत पोकळी तयार होते आणि तीही हवा ओढून घेते. १६ युनिट काढायचे तर १६ची हवा आधी आत, मग व्हायल उलटी, सावकाश ओढायचं, दोन-तीन युनिट जास्तच घ्यायचे, बॅरलवर टिचकी मारून बुडबुडा वर आणायचा आणि जादा भाग व्हायलमध्येच परत ढकलायचा. वाचायची ती प्लंजरच्या काळ्या रबराची सुईकडची कड. रबराला दोन कडा असतात, नवीन विद्यार्थिनी हमखास मागची वाचते.

आता तक्रार. ही कुठल्या एका कंपनीची नाही, घडणीचीच आहे. रंगाची सगळी ओळख टोपीवर टाकलेली आहे. डोस भरण्याआधी पहिलं काम काय, तर टोपी काढणं. ती किडनी ट्रेमध्ये पडते किंवा थेट डस्टबिनमध्ये जाते, आणि ज्या क्षणी रेघ वाचायची त्या क्षणी हातात उरतो तो पारदर्शक बॅरल आणि पांढरा प्लंजर. बॅरलवर ‘फक्त यू-४० इन्सुलिनसाठी’ अशा अर्थाची ओळ असते, पण मुंगीच्या पावलाएवढी, आणि काही मालात बोट फिरवलं की पुसट होणारी. ज्या सिरिंजमध्ये प्लंजरच्या टोकालाही रंगीत टोपी किंवा रंगीत दांडा असतो त्या उजव्या. तिथेही प्लंजरची टोपी काढल्याशिवाय ओढता येत नसेल तर रंग पुन्हा गेलाच. छापलेले आकडेच लाल किंवा केशरी शाईत आणि ‘४०’ किंवा ‘१००’ हा आकडा बॅरलवर अंगठ्याएवढा ठळक असायला हवा होता. मोजमापाला पाचपैकी साडेचार, ओळखीला जेमतेम दोन.

तोवर वॉर्डातला उपाय: टोपी फेकायची नाही. इन्सुलिन भरलेली सिरिंज, ती व्हायल आणि ती टोपी एकाच ट्रेमध्ये, दुसऱ्या सिस्टर येऊन बघेपर्यंत. इन्सुलिन हे हाय अलर्ट, म्हणजे चुकलं तर मोठी इजा करणारं औषध, दोन जणांनी तपासायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ‘१६ भरलंय हां, बघ’ असं आधीच सांगून केलेली तपासणी ही तपासणी नव्हे. दुसरीने आधी केस पेपर स्वतः वाचायचा, मग व्हायलवरची ताकद मोठ्याने, मग टोपीचा रंग, आणि शेवटी रेघ. तेही सुई व्हायलमध्ये असतानाच, म्हणजे चूक निघाली तर परत ढकलता येते. टोचून झाल्यावर मात्र ती टोपी सुईवर परत चढवायची नाही.

इनचार्ज सिस्टरसाठी एक गोष्ट: इंडेंटवर (स्टोअरच्या मागणीपत्रावर) नुसतं ‘इन्सुलिन सिरिंज’ लिहू नका. ‘यू-४०, १ मिलि, फिक्स निडल, ३१ गेज, ६ मिमी’ असं पूर्ण लिहा (फिक्स निडल म्हणजे सिरिंजला जोडलेलीच सुई, गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप). स्टोअरमधून वेगळा माल आला तर परत करायला कागद हातात राहतो. वॉर्डात ४०च्या व्हायलच्या डब्यातच लाल सिरिंज ठेवा, १००च्या डब्यात केशरी. सिरिंजचा सामाईक गठ्ठा नकोच.

‘लाल नाहीये, केशरीत अडीचने गुणून भरा’ हा सल्ला कुठल्याही वॉर्डात ऐकू येतो. गणित बरोबर आहे: १६ गुणिले अडीच, ४०च्या रेघेपर्यंत. पण पाळी बदलताना हँडओव्हरमध्ये कुणीतरी ‘चाळीस’ असं सांगतं, पुढच्या पाळीला लाल सिरिंज मिळते आणि तिच्यातही चाळीस भरले जातात, किंवा कुणीतरी १००च्या व्हायललाही गुणतं. दोन्ही वेळा डोस अडीचपट. अगदीच गत्यंतर नसेल तर १ मिलिची ट्यूबरक्युलिन सिरिंज घेऊन मिलिमध्ये मोजावं, युनिट भागिले ४०: १६ युनिट म्हणजे ०.४० मिलि, १० म्हणजे ०.२५. तिच्यावर युनिट छापलेले नसतात हाच तिचा फायदा. केस पेपरवर मात्र दिलेले युनिटच लिहायचे, रेघेचा आकडा कधीच नाही. आणि ‘युनिट’ हा शब्द पूर्ण. आकड्याला चिकटवलेला इंग्रजी यू घाईत शून्यासारखा वाचला जातो, ४चे ४० होतात.

सुईबद्दल. फिक्स निडल आणि सुटी निडल असे दोन्ही प्रकार लाल टोपीत मिळतात. फिक्सच घ्या. सुट्या निडलच्या हबमध्ये (सिरिंजला बसणाऱ्या बुडात) थोडं इन्सुलिन अडकून राहतं आणि रेग्युलर-एनपीएच एकत्र भरताना त्या अडकलेल्या थेंबामुळे प्रमाण हलतं. लांबीला ६ मिमी पुरे. त्वचा सुमारे दोन-अडीच मिलिमीटर जाड असते, जाडजूड माणसाचीही फार वेगळी नसते. ६ मिमीची सुई चरबीत पोचतेच. ८ मिमीची असेल आणि पेशंट काटकुळा असेल तर चिमटीत कातडी धरून ४५ अंशात टोचायचं, नाहीतर स्नायूत जातं आणि साखर अनपेक्षित वेगाने उतरते. पेनच्या सुया ४ मिमीच्या मिळतात, सिरिंजच्या तेवढ्या आखूड मिळत नाहीत, कारण सिरिंजच्या सुईला व्हायलचं रबरही पार करायचं असतं. ३१ गेजची दुखत नाही, पण नाजूक असते. रबरात तिरकी घातली तर वाकते.

दोन इन्सुलिन एकत्र भरायची असतील तर क्रम ठरलेला: आधी गढूळ एनपीएचमध्ये हवा, सुई औषधाला न टेकवता, मग स्वच्छ रेग्युलरमध्ये हवा आणि तिथूनच भरणं, शेवटी गढूळ. रेग्युलरच्या व्हायलमध्ये एनपीएचचा थेंब गेला तर ती पुढे शिरेतून द्यायच्या कामाची राहत नाही. एनपीएच आणि ३०/७० दोन्ही आधी तळहातांत घोळवायची आणि खाली-वर करायची, दहा-दहा वेळा, एकसारखी दुधाळ होईपर्यंत. सरबतासारखी हलवायची नाहीत. घोळवूनही गुठळ्या किंवा काचेला चिकटलेला पांढरा थर राहिला तर व्हायल बाद. ग्लार्जिन कशातही मिसळायचं नाही. ते आम्ल द्रावणात बनवलेलं असतं, मिसळलं की त्याचा संथ परिणाम बिघडतो.

ग्लार्जिनमुळे आणखी एक जुना ठोकताळा मोडलाय. ‘स्वच्छ दिसतं ते झटपट, गढूळ ते लांब पल्ल्याचं’ असं पूर्वी शिकवायचे. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ आहे आणि चोवीस तास चालतं. शिरेतून द्यायला व्हायल उचलताना स्वच्छ-गढूळ दिसण्यावर जाऊ नका, नाव वाचा.

शिरेतून द्यायच्या रेग्युलरसाठी लाल सिरिंज जरा गैरसोयीची आहे. नेहमीचं मिश्रण ५० युनिट आणि नॉर्मल सलाइन मिळून ५० मिलि, म्हणजे एका मिलिला एक युनिट. ४०च्या व्हायलमधून त्याला १.२५ मिलि लागतात. लालमध्ये ४० युनिटच मावतात, म्हणून ४० आणि १० असं दोनदा काढावं लागतं, आणि दोनदा काढायचं तिथे ‘पहिले घातले होते का’ हा प्रश्न उभा राहतो. १००च्या व्हायलमधून ०.५ मिलि पुरतं. म्हणजे ‘अर्धा मिलि घाल’ ही सवय ४०च्या व्हायलला लावली तर मिश्रण सोडणाऱ्या पंपात २० युनिटच गेले. दुसरं, ६ मिमीची सुई सलाइनच्या बाटलीच्या रबरातून आत नीट पोचेलच असं नाही, औषध तोंडाशीच राहू शकतं. तिथे लांब निडल हवी. आणि इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं, म्हणून नवी लाइन लावताना मिश्रणातलं २० मिलि नळीतून वाहू देऊन टाकतात, मगच पेशंटला जोडतात.

पेनमधून सिरिंजने इन्सुलिन काढायचा मोह काही वॉर्डांत फार आहे. पेनची सुई संपली की कार्ट्रिजच्या रबरात लाल सिरिंज खुपसली जाते. कार्ट्रिज १००चं, सिरिंज ४०ची, म्हणजे वरचंच अडीचपट गणित. ग्लार्जिनचं एक पेन ३०० युनिट प्रति मिलिचंही मिळतं. त्यातून लालने १० युनिट काढले तर ७५ निघतील. शिवाय आत हवा शिरते आणि पुढचा प्रत्येक डोस चुकतो. पेन एका पेशंटचं, सुई बदलली तरी दुसऱ्याला नाही, कारण कार्ट्रिजमध्ये रक्ताचा अंश उलटा जाऊ शकतो.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांच्या बॅगेत ही लाल पाकिटं हमखास असतात. इथल्या व्हायलही बरोबर असतील तर ठीक. व्हायल तिथे संपली आणि तिथली घेतली, तर ती १००ची असणार. मग लाल सिरिंज बॅगेतच राहू द्यायची आणि तिथलीच सिरिंज घ्यायची. येताना तिथल्या केशरी सिरिंज ‘चांगल्या आहेत’ म्हणून आणल्या जातात, त्या इथल्या ४०च्या व्हायलला चालणार नाहीत.

पुनर्वापर हॉस्पिटलात अर्थातच नाही. घरी लोक एकच सिरिंज चार-पाच दिवस चालवतात. सुईवरचा गुळगुळीत लेप पहिल्या-दुसऱ्या खेपेलाच जातो, टोक बोथट होतं, आणि त्याच त्या जागी टोचत राहिलं की चरबीची गाठ होते. गाठीत दुखत नाही म्हणून पेशंट तिथेच टोचतो आणि तिथून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. बेंबीभोवती दोन बोटं सोडून, दर वेळी आधीच्या जागेपासून एक बोट सरकत जायचं. पुनर्वापराने बॅरलवरच्या रेघाही पुसतात, हा लालमधला मला सर्वांत खटकणारा भाग: शाई आणखी टिकाऊ हवी.

व्हायल बंद असताना २ ते ८ अंशांत, फ्रीजरच्या कप्प्याला न टेकवता. एकदा गोठलेली व्हायल वितळून छान दिसली तरी टाकायची. उघडल्याची तारीख लेबलवर पेनने लिहायची आणि साधारण चार आठवड्यांनी, किंवा कंपनीने छापलेल्या मुदतीत, उरलेलं फेकायचं. रोज १६ अधिक १० घेणाऱ्याची ४०० युनिटची व्हायल पंधरा दिवसांत संपते, त्याचा प्रश्न नाही. ६ युनिट घेणाऱ्याची महिन्यानंतरही अर्ध्याहून जास्त उरते, आणि ती टाकवत नाही.

वापरलेली फिक्स निडलची सिरिंज तशीच्या तशी, सुई न तोडता, पांढऱ्या पारदर्शक न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत सुई जोडलेल्या सिरिंजला तोच डबा आहे. लाल टोपी म्हणून लाल पिशवीत टाकणारेही भेटतात. रिकामी काचेची व्हायल निळ्यात. घरी जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बरणी घ्या, पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि जवळच्या दवाखान्यात विचारून तिथे द्या.